मुक्या विदूषकाचे दोन शब्द

२६ डिसेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये बर्फ पडायला लागला आणि दिवसभर पडतच राहिला. सेंट्रल पार्कमध्ये सव्वीस इंचांहून जास्त बर्फाची नोंद झाली. मोटारी रस्त्यावर उभ्या होत्या तिथेच गाडल्या गेल्या. नाताळ नुकताच होऊन गेलेला, दुसऱ्या दिवशी शनिवार, मुलं घरात अडकलेली आणि बाहेर जायची सोय नाही. त्या शनिवारी संध्याकाळी एनबीसी या वाहिनीने मुलांसाठी एक नवा कार्यक्रम सुरू केला. त्याचं नाव ‘पपेट प्लेहाउस’. इतका हुकमी प्रेक्षकवर्ग एखाद्या नाटक कंपनीला नवस करूनही मिळाला नसता.

अडचण एकच होती. ज्या बाहुल्याच्या जोरावर कार्यक्रम उभा करायचा, तो बाहुलाच तयार नव्हता.

त्याचं असं झालं होतं. बॉब स्मिथ हा तीस वर्षांचा रेडिओवाला, मूळचा बफेलो गावचा. शनिवारी सकाळी तो मुलांसाठी रेडिओवर एक कार्यक्रम करायचा आणि त्यात एल्मर नावाच्या एका खेडवळ, बावळट पोराचा आवाज काढायचा. हा एल्मर आल्या आल्या ‘हाउडी डूडी’ म्हणून रामराम घालायचा. मुलांनी त्याचं खरं नाव बाजूला ठेवलं आणि त्या रामरामालाच नाव करून टाकलं. पण स्टुडिओत कार्यक्रम बघायला येणारी मुलं हिरमुसली होऊन परत जायची, कारण तिथे एल्मर नसायचाच. कोटटाय घातलेला एक माणूस मायक्रोफोनपुढे उभा राहून तोंड वाकडं करायचा, एवढंच. रेडिओवर हे खपून गेलं, चित्र दिसायला लागल्यावर ते कसं खपणार?

पहिल्या दिवशी स्मिथने वेळ मारून नेली. हाउडी डूडी फार लाजाळू आहे, तो माझ्या टेबलाच्या खणात लपून बसलाय, असं त्याने सांगितलं. खणातून आवाज यायचा, स्मिथ खणाशी बोलायचा आणि मुलं त्या बंद खणाकडे डोळे लावून बसायची. पुढच्या तेरा वर्षांत या कार्यक्रमाने कितीतरी रंगरंगोटी केली, यंत्रं आणली, सर्कशीचा तंबू उभारला. पण निव्वळ कल्पकतेत त्या पहिल्या दिवसाच्या रिकाम्या खणाला तोड नव्हती, असं मला वाटतं.

थोड्याच दिवसांत बाहुला आला. फ्रँक पॅरिस नावाच्या कारागिराने तो घडवला होता. दिसायला ओबडधोबड, पिवळट केसांचा, रेडिओवरच्या बावळट एल्मरला शोभेलसा. हा कळसूत्री बाहुला होता. वरच्या माचीवर उभं राहून कुणीतरी दोऱ्या हलवायचं आणि आवाज स्मिथचाच असायचा, म्हणजे प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा असे दोघे एकाच गळ्यातून बोलायचे. कोकणातल्या पिंगुळीचे कळसूत्री खेळ पाहिलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. फरक म्हणजे इथे सूत्रधार बाहुल्याच्या शेजारीच, कॅमेऱ्यासमोर उभा असे. झालरीचं कातडी जाकीट घातलेला हा सूत्रधार पुढे ‘बफेलो बॉब’ म्हणून ओळखला जाऊ लागला. तो मुलांसारखा ओरडायचा, मुलांबरोबर गायचा आणि दर काही मिनिटांनी त्यांना काहीतरी विकायचा.

हे विकणं समजल्याशिवाय त्या काळातल्या मुलांच्या दूरचित्रवाणीचा इतिहास समजत नाही. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. कारखाने लढाईच्या सामानातून मोकळे झाले होते आणि दूरचित्रवाणीचे संच बनवायला सज्ज होते. पण संच महाग, आणि त्यावर बघायला तरी काय होतं? एनबीसीची मालकी आरसीए या कंपनीकडे होती आणि आरसीए संच बनवत असे. घरातल्या पोराने हट्ट धरला की बाप संच घेतो, हे या मंडळींच्या फार लवकर लक्षात आलं. शिवाय दुपारी-संध्याकाळी दुकानदाराला गिऱ्हाईकापुढे संच लावून काहीतरी दाखवावं लागे. शिकागोमध्ये त्याच वर्षी ऑक्टोबरात बर टिलस्ट्रॉम या हातबाहुलीकाराचा कार्यक्रम आरसीएच्याच पैशावर सुरू झाला, तोही संच खपावेत म्हणून. १९५० साली अमेरिकेतल्या शंभरातल्या नऊ घरांत दूरचित्रवाणी होती, १९६०मध्ये शंभरातल्या जवळजवळ सत्त्याऐंशी घरांत. एवढी मोठी उडी मारायला लागलेल्या धक्क्यात चिमुकल्या हातांचाही वाटा होता.

टिलस्ट्रॉमबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्याच्या वाटेने फार कुणी गेलं नाही. त्याचे मुख्य बाहुले दोन, टकला आणि गोल नाकाचा कुकला आणि एकाच दाताचा ड्रॅगन ऑली. छोट्या रंगमंचापुढे फ्रॅन ॲलिसन ही अभिनेत्री उभी राहायची आणि या दोघांशी गप्पा मारायची. संहिता नसायची. आज काय विषय, एवढं ठरवायचं आणि कॅमेरा सुरू झाला की बोलत सुटायचं. टिलस्ट्रॉम पडद्यामागे वाकून सगळे आवाज एकटा काढायचा. त्यात ना मारामारी, ना धांदल. फ्रॅन ऑलीशी अशी बोलायची, जशी शेजारच्या जरा आगाऊ मुलाशी एखादी मावशी बोलेल. कार्यक्रम मुलांसाठी होता, पण जॉन स्टाइनबेकसारखे लेखकही त्याचे चाहते होते. १९५१मध्ये एनबीसीने त्याची वेळ अर्ध्या तासावरून पंधरा मिनिटांवर आणली तेव्हा पत्रांचा पाऊस पडला. तरीही रोजचा अर्धा तास परत मिळाला नाही. हळू बोलणाऱ्यांना वेळ कमी मिळतो, हे तेव्हाही तसंच होतं.

आता परत न्यूयॉर्कला. १९४८ हे अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष. हाउडी डूडी हा ‘मुलांचा उमेदवार’ म्हणून उभा राहिला आणि प्रचाराचा बिल्ला हवा असेल त्याने पत्र पाठवावं, असं स्मिथने सांगितलं. साठ हजारांच्या आसपास मागण्या आल्या. तोपर्यंत मुलांचा कार्यक्रम म्हणजे परोपकार, असं मानणाऱ्या जाहिरातदारांचे डोळे उघडले. संचांची संख्या तोकडी असताना इतकी पत्रं येत असतील, तर उद्या काय होईल! कोलगेट, पाव बनवणारी काँटिनेंटल बेकिंग, ओव्हलटीन, पोल-पॅरट बूट, मार्स चॉकलेट अशी रांग लागली. बफेलो बॉब गाणं म्हणता म्हणता टूथपेस्टवर यायचा, आणि मुलांना कळायचंही नाही की गोष्ट कुठे संपली आणि दुकान कुठे सुरू झालं. आईला सांगा, बाबांना घेऊन जा, असा निरोप तो त्यांच्याबरोबर घरी पाठवायचा.

मेसीज या मोठ्या दुकानाला हाउडीच्या बाहुल्या विकायच्या होत्या. फ्रँक पॅरिसचं म्हणणं, बाहुला मी घडवला, मला माझा वाटा द्या. एनबीसीचं म्हणणं, पात्र आमचं. बोलणी फिसकटली आणि एके दिवशी कार्यक्रम काही तासांवर आलेला असताना पॅरिस आपला बाहुला उचलून चालता झाला.

पुन्हा एकदा नायकच बेपत्ता! पण आता खणाची युक्ती चालण्यासारखी नव्हती, कारण हाउडीला सगळ्यांनी पाहिलेलं होतं. निवडणूक मदतीला आली. हाउडी प्रचाराच्या दौऱ्यावर गेलाय, असं मुलांना सांगण्यात आलं. विरोधी उमेदवार दिसायला देखणा आहे म्हणून हाउडीने चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेतली आहे, अशीही पुस्ती जोडली. मधल्या दिवसांत तोंडाला पट्ट्या गुंडाळलेला एक बाहुला कॅमेऱ्यापुढे बसवला. जून १९४८मध्ये पट्ट्या निघाल्या आणि आत दिसला कॅलिफोर्नियातल्या वेल्मा डॉसन यांनी घडवलेला नवा हाउडी. लाल केस, मोठं हसू आणि गालांवर अठ्ठेचाळीस ठिपके, कारण तेव्हा अमेरिकेत अठ्ठेचाळीस राज्यं होती. एका हक्काच्या भांडणातून बाहुल्याला नवा चेहरा मिळाला आणि तोच जगाला ठाऊक झाला.

त्याच वर्षी कार्यक्रम सोमवार ते शुक्रवार झाला. संध्याकाळी साडेपाचला पडद्यावर हाउडी दिसला की कितीतरी घरांत स्वयंपाकघरातल्या बाईला अर्धा तास उसंत मिळायची. स्टुडिओत बाकांच्या चढत्या ओळींवर चाळीसेक मुलं बसवलेली असत. या बाकांना ‘पीनट गॅलरी’ म्हणत. नाटकगृहातल्या स्वस्त जागांचं हे जुनं टोपणनाव, म्हणजे आपला पिटच. फक्त या पिटाची तिकिटं इतकी दुर्मीळ, की बाळ जन्माला यायच्या आधीच आया अर्ज करत, असं सांगतात.

गोष्टी रचायचं काम एडी कीन या लेखकाकडे होतं. रोज अर्ध्या तासाची संहिता आणि वर गाणी. या माणसाने गावचा कुरकुऱ्या म्हातारा मिस्टर ब्लस्टर निर्माण केला, आठ वेगवेगळ्या प्राण्यांच्या तुकड्यांचा फ्लबाडब नावाचा प्राणी निर्माण केला आणि चीफ थंडरथड नावाचा आदिवासी सरदारही निर्माण केला. पिसांचा मुकुट घातलेल्या या सरदाराच्या तोंडी ‘कावाबंगा’ हा कीनने मनानेच बनवलेला शब्द होता. पुढे समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी तो उचलला आणि तिथून तो निन्जा कासवांच्या कार्टूनपर्यंत पोचला. या सरदाराचं चित्रण आज बघवत नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना गोऱ्या माणसाने रंग फासून रोज संध्याकाळी विनोद म्हणून उभं केलं होतं, आणि तेव्हा ते फारसं कुणाला खटकलं नाही. सरदाराच्या टोळीचं नाव कीनने ‘ऊराग्नाक’ ठेवलं होतं. इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की त्यातून ‘कांगारू’ निघतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणि होता क्लॅराबेल.

बॉब कीशन हा विशीतला पोरगा. एनबीसीत पाहुण्यांना वाट दाखवणारा, निरोप नेणारा हरकाम्या होता, मध्ये मरीन दलात जाऊन आलेला. स्मिथच्या हाताखाली तो मुलांना बक्षिसं देणं, त्यांना जागेवर बसवणं असली कामं करायचा. हे करताना तो चित्रात दिसायचा आणि साध्या कोटात विचित्र वाटायचा. कुणा वरिष्ठाने फर्मावलं, त्याला काहीतरी सोंग द्या. सापडलं ते विदूषकाचं, तोच हा क्लॅराबेल. पट्ट्यापट्ट्यांचा ढगळ पोशाख, तोंडाला रंग आणि पोटावर एक पेटी. पेटीवर दोन भोंगे, एक ‘हो’साठी आणि दुसरा ‘नाही’साठी. बोलायचं नाही, भोंगा वाजवायचा. राग आला, लाड आला, की सोडावॉटरच्या बाटलीची पिचकारी बफेलो बॉबच्या तोंडावर सोडायची. पिटातली पोरं तेव्हा जो कल्ला करत तो ऐकायला मिळतो. त्या काळी दूरचित्रवाणीचे कार्यक्रम साठवायचे तर पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्रीकरण करावं लागे, आणि अशा थोड्या फिल्म उरल्या आहेत. चित्र धुरकट आहे, मुलांचा आवाज मात्र स्वच्छ.

कीशन नट नव्हता, त्याला गाता येत नव्हतं, वाद्य वाजवता येत नव्हतं. पण मुलांना बहुधा हाच सगळ्यांत जवळचा वाटत असावा. तिथे बाकी सगळे सतत बोलत होते, सांगत होते, विकत होते. हा एकटाच असा, की ज्याला म्हणायचं खूप असतं पण शब्द सापडत नाहीत. चार वर्षांच्या मुलाची अवस्था याहून वेगळी नसते.

डिसेंबर १९५२मध्ये कीशन आणि त्याच्या काही सहकाऱ्यांनी पगाराची बोलणी करायला एजंट नेमला. उत्तरादाखल त्यांना घरचा रस्ता दाखवण्यात आला. रोज मुलांना हसवणाऱ्या कार्यक्रमात नाताळच्या तोंडावर हे घडलं. हाउडीच्या दोऱ्या हलवणारी रोडा मॅनही त्यांत होती. तिच्या जागी रूफस रोज आले, त्यांचं नाव शेवटी पुन्हा येईल. क्लॅराबेलच्या पोशाखात दुसरा माणूस शिरला. तोंडावर रंगाचा थर आणि घशातून शब्द नाही, त्यामुळे माणूस बदलणं सोपं होतं.

त्याच सुमाराला रॉकफेलर सेंटरमधल्या एनबीसीच्या इमारतीत तिथलाच आणखी एक तरुण नोकर वावरत होता. फ्रेड रॉजर्स. पेनसिल्व्हेनियातल्या लॅट्रोब गावच्या सधन घरातला मुलगा, संगीत शिकलेला, धर्मोपदेशक व्हायच्या विचारात असलेला. १९५१मध्ये सुट्टीला घरी आला असताना त्याने पहिल्यांदा दूरचित्रवाणी पाहिली. लोक एकमेकांच्या तोंडावर केक-पाय फेकत होते. दूरचित्रवाणीचा तिटकारा आला म्हणूनच मी तिच्यात शिरलो, असं तो पुढे आयुष्यभर सांगायचा. न्यूयॉर्कमध्ये तो फ्लोअर मॅनेजरचं काम करत होता, आणि त्यात गॅबी हेज या म्हाताऱ्या काउबॉय नटाचा मुलांचा कार्यक्रमही होता. कॅमेऱ्यात बघताना तुम्हाला काय दिसतं, असं त्याने हेजला विचारलं. म्हातारा म्हणाला, एकच लहान पोर. बफेलो बॉब हजारो मुलांना एकदम हाक मारायचा, हेज एकालाच बघत होता. रॉजर्सने कुणाचं ऐकलं हे सगळ्या जगाला माहीत आहे. १९५३मध्ये त्याने न्यूयॉर्क सोडलं आणि पिट्सबर्गमध्ये अजून सुरूही न झालेल्या, वर्गणीवर चालणार असलेल्या डब्ल्यूक्यूईडी या शैक्षणिक केंद्रात नोकरी धरली. बड्या कंपनीतून उठून न उघडलेल्या दुकानात! हितचिंतकांनी तेव्हा डोक्याला हात लावला असणार.

एप्रिल १९५४मध्ये ते केंद्र सुरू झालं. आदल्या रात्री केंद्रप्रमुख डोरोथी डॅनियल यांनी रॉजर्सला वाघाचं एक हातबाहुलं भेट दिलं. त्यांच्याच नावावरून त्याचं नाव पडलं डॅनियल. ‘चिल्ड्रन्स कॉर्नर’ या कार्यक्रमात जोसी कॅरी पडद्यावर बोलायची, रॉजर्स मागे ऑर्गन आणि बाहुल्या सांभाळायचा. पदरात पैसा नाही, फुकटात मिळालेल्या फिल्मा लावायच्या, त्या तुटायच्या. अशाच एका तुटण्याच्या वेळी रॉजर्सने नेपथ्यावर रंगवलेल्या घड्याळातून वाघ बाहेर काढला आणि त्याला बोलता केलं. ऑर्गनपासून बाहुल्यांपर्यंत धावताना बुटांचा आवाज माइकमध्ये जाऊ नये म्हणून तो कॅनव्हासचे बूट घालायचा. पुढे कार्यक्रमात रोज बूट बदलणारा जो सौम्य गृहस्थ अमेरिकेला ठाऊक झाला, त्याच्या बुटांचं मूळ या धावपळीत आहे.

कीशनचं काय झालं? काही काळ त्याने स्थानिक केंद्रावर मुलांचे छोटे कार्यक्रम केले. मग ३ ऑक्टोबर १९५५ रोजी सकाळी सीबीएस या दुसऱ्या वाहिनीवर एक कार्यक्रम सुरू झाला. मोठमोठ्या खिशांचा कोट घातलेला, पांढऱ्या केसांचा, झुपकेदार मिशांचा एक आजोबा किल्ल्या घेऊन आपल्या ‘खजिन्याच्या घरात’ यायचा. आजोबाचं वय होतं अठ्ठावीस. केस आणि मिशा खोट्या. या आजोबाचं नाव कॅप्टन कांगारू, खिशांमुळे पडलेलं. ज्या कार्यक्रमातून त्याला काढलं होतं तिथे टोळीच्या नावात कांगारू उलटा बसला होता, इथे तो सुलट झाला. यात काही हेतू नसावा, पण मला हा योगायोग सोडवत नाही.

कॅप्टन बोलायचा आणि हळू बोलायचा. स्टुडिओत मुलांचा पिट नव्हता. ओरडा करायला कुणी नाही, म्हणून घरातलं मूल एकटं असलं तरी त्याला आपण बाहेर राहिलो असं वाटायचं नाही. मिस्टर ग्रीन जीन्स शेतावरचा एखादा प्राणी घेऊन यायचा, कॅप्टन चित्रांचं पुस्तक उघडून सावकाश वाचायचा, कॅमेरा एकेका चित्रावरून फिरायचा. विनोद असायचा तो मिस्टर मूस या बाहुल्याचा. शब्दांच्या कोड्यात कॅप्टनला अडकवायचं आणि वरून पिंगपाँगच्या चेंडूंचा वर्षाव करायचा. पाच वर्षं पिचकाऱ्या मारलेल्या माणसाने आता स्वतः मार खायची पाळी घेतली, आणि पाण्याऐवजी चेंडू निवडले.

त्याच तारखेला, म्हणजे ३ ऑक्टोबर १९५५लाच, संध्याकाळी एबीसी या तिसऱ्या वाहिनीवर ‘मिकी माउस क्लब’ सुरू झाला. एकाच दिवसाची सकाळ आणि संध्याकाळ, पण चाल अगदी वेगळी. मॅटेल नावाच्या एका लहानशा खेळणी कंपनीने या क्लबवर वर्षभराची जाहिरात घेतली, पाच लाख डॉलरना. कंपनीची सगळी मालमत्ताच साधारण तेवढी. तोवर खेळण्यांच्या जाहिराती नाताळच्या तोंडावर आणि आईबापांसाठी होत. मॅटेलने वर्षभर, थेट मुलाशी बोलायचं ठरवलं. बंदुकीसारखा आवाज काढणारं एक खेळणं दाखवलं. काही आठवडे शुकशुकाट, आणि नोव्हेंबर संपता संपता मागण्यांच्या गोण्या येऊन पडल्या. बिल्ल्यांसाठी आलेल्या साठ हजार पत्रांमधून स्मिथने जे शोधलं होतं, त्याचा पक्का धंदा इथे झाला.

मुलांच्या हातात थेट खडू देण्याचा उद्योगही याच काळातला. ‘विंकी डिंक’ हा सीबीएसवरचा कार्यक्रम पाहायचा तर पन्नास सेंट पाठवून प्लॅस्टिकचा एक पारदर्शक कागद आणि खडू मागवायचे, कागद पडद्यावर चिकटवायचा आणि नायक ओढ्याकाठी अडला की आपण पूल काढून द्यायचा. ज्यांच्या आईने पन्नास सेंट पाठवले नाहीत ती मुलं पूल काढायची थोडीच राहणार? त्यांनी तो काचेवरच काढला.

अटलांटिकच्या पलीकडे लंडनमध्ये याच वर्षांत बीबीसीची तऱ्हा निराळी. तिथे जाहिरात नव्हतीच. १९५०मध्ये आलेला ‘अँडी पँडी’ हाही कळसूत्रीच, पण टोपलीत राहणारा, आपल्या टेडीबरोबर आणि लूबी लू या चिंधीबाहुलीबरोबर निवांत खेळणारा. फ्रीडा लिंगस्ट्रॉम आणि मारिया बर्ड या दोघींनी तो रचला. गोष्टीत घडायचं काय, तर घसरगुंडी, टोपी, लपाछपी. इतकंच काय, संध्याकाळी सहा ते सात या वेळात तिथे दूरचित्रवाणी चक्क बंद ठेवली जात असे, म्हणजे आयांना मुलांना झोपवता यावं. फेब्रुवारी १९५७मध्ये हा रिवाज संपला. व्यापारी वाहिनी येऊन दीड वर्ष झालं होतं आणि काळा पडदा तिला परवडत नव्हता. राष्ट्राने ठरवून रोज एक तास पडदा बंद ठेवायचा, ही कल्पना आज कुणी मांडली तर त्याला वेड्यात काढतील.

हाउडीकडे परत येऊ. सप्टेंबर १९५४मध्ये बफेलो बॉबला हृदयविकाराचा झटका आला. बरा होत असताना त्याच्या न्यू रोशेलच्या घराच्या तळघरात एनबीसीने छोटा स्टुडिओच थाटून दिला, तो तिथून पडद्यावर यायचा. १९५५मध्ये कार्यक्रम रंगीत झाला. आरसीएला आता रंगीत संच विकायचे होते. पण संध्याकाळी समोर मिकी माउस उभा होता. जून १९५६मध्ये हाउडीला रोजच्या संध्याकाळवरून उचलून शनिवारच्या सकाळी नेऊन ठेवलं. सवाई गंधर्व महोत्सवात गवयाला मानाची पहाटेची वेळ मिळणं वेगळं आणि हे वेगळं.

शनिवार, २४ सप्टेंबर १९६०. शेवटचा भाग, एक तासाचा. त्याच्याआधी दोन हजार तीनशेंहून अधिक भाग होऊन गेले होते. त्या दिवशी क्लॅराबेलकडे काहीतरी गुपित होतं आणि ते काय हे तो कुणाला सांगत नव्हता. सगळा तासभर हाच धागा ताणलेला. पोशाखात तेव्हा होता लू अँडरसन, मूळचा जॅझवादक. अखेरीस बफेलो बॉबला उमगतं की याला बोलता येतं! मग ढोल वाजतो, कॅमेरा विदूषकाच्या चेहऱ्याजवळ सरकतो. त्याचे ओठ थरथरतात, डोळ्यात पाणी दिसतं. तेरा वर्षं भोंगा वाजवलेलं ते तोंड उघडतं आणि मुलांचा निरोप घेतं. इंग्रजीत नेमके दोन शब्द. पडदा काळा होतो.

पुढच्या शनिवारी त्या जागी शारी लुइस ही शब्दभ्रमकार आली, हातात मोज्याएवढी मेंढी घेऊन. पाध्ये घराण्यातल्या अर्धवटरावाची ती दूरची नात लागावी. मुंबईला दूरचित्रवाणी यायला मात्र अजून बारा वर्षं होती. दिल्लीत आठवड्यातून दोनदा थोडं प्रायोगिक प्रक्षेपण चालायचं, तेवढंच.

कॅप्टन कांगारू १९८४पर्यंत सीबीएसवर टिकला. रॉजर्स १९६८मध्ये सगळ्या अमेरिकेच्या घरात पोचला. आणि १९६९मध्ये आलेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ने जाहिरातवाल्यांची सगळी हत्यारं उचलली. छोटी गाणी, पुन्हा पुन्हा तेच, झटपट चित्रं. प्रत्येक भागाच्या शेवटी आजचा भाग अमुक अक्षराने आणि तमुक आकड्याने प्रायोजित केला आहे, असं ते गंभीरपणे सांगत. बफेलो बॉबने टूथपेस्टसाठी जे केलं ते या लोकांनी बाराखडीसाठी केलं.

पीनट गॅलरीच्या वयाची मुलं १९७०मध्ये महाविद्यालयात होती, लांब केसांची, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध घोषणा देणारी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी बफेलो बॉबला बोलावलं. तो गेला, त्याच झालरीच्या जाकिटात, आणि सगळं सभागृह त्याच्याबरोबर गायला लागलं. मग विद्यापीठामागून विद्यापीठ असा त्याचा दौराच निघाला. ज्याने त्यांना टूथपेस्ट आणि बूट विकले, त्याच्यावर या बंडखोरांचा राग नव्हता. मला वाटतं, विकणं आणि माया एकाच माणसात असू शकतात, हे मुलांनी मोठ्यांच्या आधी मान्य केलेलं असतं.

आणि लाकडी हाउडी? कार्यक्रम बंद झाल्यावर तो रूफस रोज यांच्याकडे, कनेटिकटमधल्या त्यांच्या घरी होता. बाहुल्यांचा मोठा संग्रह असलेल्या डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयाला तो दिला जाईल, असं रोज यांनी एनबीसीला कबूल केलं होतं. १९७५मध्ये रोज गेले. बाहुला मधल्या काळात बफेलो बॉबकडे गेला, मग रोज यांच्या वारसांनी तो विकायचं ठरवलं, आणि संग्रहालयाने दावा लावला. पात्र कुणाचं, बाहुला कुणाचा, शब्द कुणी दिला आणि तो कुणाला बांधतो, हे सगळं फ्रँक पॅरिसच्या वेळेसारखं पुन्हा एकदा वकिलांनी उलटंपालटं केलं. २००१मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की बाहुला डेट्रॉइटच्या संग्रहालयाचा. अठ्ठेचाळीस ठिपक्यांचा तो चेहरा आता तिथे आहे. अमेरिकेत राज्यं पन्नास झाली, ठिपके मात्र कुणी वाढवले नाहीत.